टेक दोन

वेंगुर्ल्यात, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्याला
एर्मेलिनबायचा घरगुती काजूकारखाना.
वजनकाटा दुरुस्त करायला गेलो होतो.
वाशाला बारीक नायलॉनची दोरी, दोरीला गरांचं पोतं,
आणि दोरीच्या मध्यावर, छत्रीसारखी अडकवलेली
एक काळी तबकडी.
"उंदीर उतरतत म्हणान," ती म्हणाली.
"करटी फुटता. ह्या टिकला."

मला हा नाद आहे.
कुडाळचं भंगार, सावंतवाडीतले घरसामानाचे सौदे,
म्हापशाचा शुक्रवार.
बायको म्हणते, लोक मासळी निवडतात, हे धूळ निवडतात.
मला जॅझ हवं असतं, आणि तेही कुणी न विचारलेलं.
मुंबईच्या हॉटेलातल्या बँडमधला मागच्या रांगेतला माणूस
दोन मिनिटांसाठी उभा राहिला
आणि मग बसला तो कायमचाच.
तशी दोन मिनिटं.

बाईला मी पत्रा गोल कापून दिला, मधे भोक पाडून.
आपण याला गंडवलं, असं तिच्या डोळ्यांत दिसलं.
मीही तेच लपवत होतो.

रिठ्याच्या पाण्यानं धुतली.
कागदावरचं नाव खाऱ्या हवेनं खाल्लेलं, उरलं होतं 'तान',
आणि खाली पेन्सिलीनं: टेक २. नको.

नको म्हटलेलं कुणी ठेवतं का?

रात्री लावली.
आधी तव्यात मीठ तडतडावं तशी खरखर,
मग जरा उतरलेला पियानो,
ओल्या रेतीवरून सूप ओढावं तसा ड्रम,
आणि ट्रम्पेट नाहीच.
गरी टाकून बसलेल्या माणसासारखा तो थांबलेला.
मग आला. तीन पायऱ्या चढला,
चौथीवर पाय ठेवणार,
आणि काही नाही.

काहीच नाही, चार मात्रा, पाच,
बँड चाललेला, त्याची जागा उघडी,
भरतीआधी खाडीत चिखल उघडा असतो तशी.
मग खालून कुठून तरी, भलत्याच सुरावरून, आत.

वीस वेळा सुई मागे ठेवली.
रत्नागिरीच्या बर्व्यांना पत्र लिहिलं:
ही शांतता ऐका. ही छाती बघा.
इतक्या वर्षांपूर्वी, आपल्याकडचा माणूस!

पुढच्या रविवारी चावीचा ग्रामोफोन
मोटरसायकलवर बांधून तिच्याकडे नेला.
डिकानं काळी झालेली बोटं पदराला पुसत
ती उभ्यानंच ऐकत होती.
चौथ्या पायरीशी हसली.

"थंय तेका दमो लागलो."

काइतान. तिचा चुलता.
दम्यापायी मुंबई सुटली, घरी आला,
मग प्रेतयात्रेत वाजवायचा,
एक सूर, की बांधावर बसायचा.
खांदेकरीही थांबायचे.
मेलेल्याला कुठे घाई, ती म्हणाली.

म्हणजे छाती होती, पण ती ही.
बर्व्यांना आता काय लिहू?
तबकडी फिरत राहिली, मी खाली बघत राहिलो,
पायाशी काजूची टरफलं.

"परत लाव," ती म्हणाली.

या वेळी मी ती शांतता ऐकली नाही.
ती संपते कुठे, तेवढंच ऐकलं.
जिथं सोडलं होतं तिथं तो परत येत नाही.
बँड पुढे गेलेला असतो,
तो बरोबर तिथं येतो.
म्हणजे श्वास शोधताना
तो मोजत होता.

निघताना तिनं वर दोरीकडे पाहिलं.
पत्र्याच्या कडेला तांबूस सुरुवात झालेली.
"खाऱ्या वाऱ्यान पत्रो टिकाचो नाय."

घरात एक प्रसिद्ध वाद्यवृंद होता,
चकचकीत, कुठेच न चुकणारा,
लाखेचा, आणि ज्याच्या प्रतीही लाखभर निघाल्या.
तो नेऊन मी स्वतः टांगला.
खाली पोतं जरा झुलत होतं.