भूगोल, सातवी ब

इस्माईल मिस्त्री टेप ओढतो. दहा बाय साडेनऊ.
खांबाचा कोपरा आत घुसलाय, तेवढा वजा.
"डिझाइन कसली, ताई?"
मी म्हणते, फ्रेंच कंट्री.
"म्हणजे?"
म्हणजे फ्रान्समधलं खेडं.
तो पेन्सिल कानामागे खोचतो,
सहाव्या मजल्यावरून खाली घणसोलीकडे बघतो
आणि काही बोलत नाही.

वहीत मी लिहिलंय:
भिंती सायीच्या रंगाच्या. दुधावरच्या सायीच्या, चुन्याच्या नव्हे.
पलंग लोखंडी, उशाशी वेलबुट्टी.
पडदे निळ्या चौकटींचे.
कोपरखैरण्यात या कापडाला पंचाचं कापड म्हणतात,
एकशेदहा रुपये मीटर.
कपाट पांढरं, पण कडा घासून घासून
आतलं लाकूड दिसेल असं.

इथे मिस्त्रीचा चेहरा पडतो.
"तीस वर्षं ओरखडे बुजवतोय मी.
नवं कपाट जुनं करायचे पैसे कुणाकडून घेऊ?"
माझ्याकडून घे. जास्तीचे घे.

लॅव्हेंडर इथे जगत नाही.
रबाळ्याचा नर्सरीवाला तोंडावर म्हणाला,
दोनशे रुपये पाण्यात जातील, मरवा न्या.
मरवा आणला, एसीच्या बाहेरच्या पेटीवर ठेवला.
दिवसभर त्याला गरम वाफ लागते,
तरी वास देतो बिचारा.

विलास विचारतात, हे खूळ आलं कुठून?
फंडाचे पैसे मिळाले की लोक
काशीला जातात, दात बसवून घेतात.

बाबा बेलापूर रोडच्या कारखान्यात फिटर होते.
खाचर गेलं, तेव्हा लागलेली नोकरी.
मालक फ्रान्सचे. दर जानेवारीत कामगारांना
पाव किलो पेढे आणि एक गुळगुळीत कॅलेंडर.
त्यात तिथी नाही, एकादशी नाही, अमावस्या नाही,
म्हणून आईने ते कधी टांगलंच नाही.
सुरळी थेट ट्रंकेत,
आणि जूनमध्ये आमच्या पुस्तकांवर.
"कागद जारा हाय, फाटाचा नाय,"
बाबा घडी घालत म्हणायचे, नखांत ग्रीस.

जनूच्या गणिताला द्राक्षांचा मळा आला.
माझ्या वाट्याला ऑगस्ट:
एक खोली, लोखंडी पलंग,
तिवईवर पांढरा तांब्या, आमच्या तांब्याहून उंच मानेचा,
खुर्चीवर कुणी विसरलेली टोपी,
आणि खिडकी.

खिडकीवर नेमकं बाबांनी
भाताच्या खळीने लेबल डकवलं.
कु. मालन हिराजी भोईर. भूगोल. सातवी ब.

आम्ही सात जण एका खोलीत झोपायचो,
माझी जागा तांदळाच्या पिंपापाशी.
चिमणीच्या उजेडात मी ते लेबल
एकदा नखाने उकरून पाहिलं.
खाली कोरा पांढरा कागद.
खळीने चित्रच उचललं होतं.
परीक्षेत फ्रान्सची पिकं आली. चार पैकी दोन मार्क.

हे सगळं विलासना सांगत नाही.
म्हणते, मासिकात पाहिलं.

मिस्त्री शेवटचं विचारतो,
"खिडकीला लाकडी झडपा? बाहेर उघडणाऱ्या?
मग ग्रिल कापावी लागेल."
कबुतरं येतील, विलास आतून ओरडतात.

मी ग्रिलशी जाते.
समोरच्या बिल्डिंगीत कुणाची गादी उन्हात घातलीय,
कापूस एका कोपऱ्यातून बाहेर आलाय.
खाली सेक्टरचं पार्किंग. तिथेच आमचं खाचर होतं
असं जनू म्हणतो.
मी म्हणते, नाही, नाल्याच्या पलीकडे.
त्यावरून आमचं दोन दिवाळ्या बोलणं नाही.

काप, मी म्हणते.
आधी तीच काप.
पलंगाचं नंतर बघू.