जुनाट

घणसोलीच्या आरोग्य केंद्रात
केसपेपरवर दोन चौकोन असतात :
तीव्र. जुनाट.
एकावर खूण करायची, हे माझं काम.

चांगुणा मढवी म्हणते, तीव्र करा,
तीव्र केलं तं डाक्टर लवकर बगल.
मी सांगतो, मावशी, तीव्र म्हणजे जोराचा नव्हे,
तीव्र म्हणजे नवा,
परवा आलेला, आठवड्यात जाणारा.
तुमचा कधीपासून?
ती बोटांवर मोजते, पण साल सांगत नाही.
खाडीकडची भातं गेली,
मंग थोरलीचं लगीन,
मंग कंपनीचा भोंगा वाजाया लागला,
त्याच्या फुडच्या शिमग्याला.

मग जुनाट, मी म्हणतो.

जुनाट मी का खोकला?

रांग हसते.
मी त्या ट-पाशी अडतो.
जुनं लोणचं, जुना तांदूळ, जुनी ओळख,
यांना कुणी नावं ठेवत नाही.
शेवटी ट लागला की शब्द
तेलकट, मळकट, कळकट यांच्या पंगतीत जाऊन बसतो
आणि घासून निघत नाही.
डॉक्टरांच्या तोंडी मात्र त्यात राग नसतो.
त्यांना एवढंच म्हणायचं असतं :
हा राहणार. तुम्हीही राहा.
गोळ्या चालू.

तिच्या पिशवीत आणखी एक फाइल,
दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली,
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटची.
सासऱ्याच्या नावाने उघडलेली,
मग नवऱ्याच्या, आता तिच्या.
वर निळा शिक्का, प्रलंबित.
याचं काय ओ, तीव्र का जुनाट?

तसा चौकोन त्या कागदावर नव्हता.
मी म्हणालो, म्हणजे लोंबकळतंय.
ती म्हणाली, त्ये तं मना म्हाईत हाय,
शब्दाचा अर्थ इचारला.

मागून कुणीतरी ओरडलं, आटपा.
मी जुनाटवर खूण केली,
पेन चालेना म्हणून दोनदा.

ती उठताना माझ्या गळ्यातलं कार्ड
हातात धरून थांबली.
फोटो चौदा वर्षांपूर्वीचा,
डोक्यावर केस असलेला.
खालची अक्षरं तिने एकेक लावली :
हं. गा. मी. लि. पि. क.

हंगामी? म्हंजे आंब्यावानी?

आणि एवढी हसली
की खोकला सुरू झाला,
बाकड्यावर परत बसवावं लागलं,
पाणी द्यावं लागलं.