पार्क मैदान, गेट नंबर तीन

गेटवर मी. होमगार्ड, दिवसाच्या भत्त्यावर.
हातात महापालिकेचं यंत्र,
मुठीपाशी चिकटपट्टी गुंडाळलेलं.

सकाळपासून काढून घेतलं :
गुंडेटींच्या पोराचं कर्कटक, दोन नेलकटर,
शेंगाचटणीचा एक स्टीलचा डबा.
आई म्हणाली, हुंगून तरी बघा की बाई.

मग तो आला. पांढरी सफारी.
यंत्र कमरेपाशी ओरडलं.
त्यानं शर्ट बोटभर वर केला,
पाळलेलं पिल्लू दाखवावं तसा.
"लायसन आहे."
साहेब म्हणाले, सोड गं.
सोडलं.

अकराचं ऊन. चारशे मीटरच्या पोरी वाकल्या,
फक्कीच्या रेघेमागं बोटं टेकून.
यलप्पा सरांनी पिस्तूल वर धरलं,
टिकल्यांचं.
ठो.

सगळं पार्क पोरींकडं बघत होतं,
मी त्याच्या हाताकडं.
हात कमरेशी गेला होता,
तिथंच राहिला
पोरी वळणापलीकडं जाईपर्यंत.
मग त्याच हातानं त्यानं टाळ्या वाजवल्या.

डबा न्यायला कुणी आलं नाही.
माझ्याकडंच आहे, फळीवर.
हलवला की
आत चमचा वाजतो.