जादा रेघ

मुहर्रक. बाहेर हवा ओल्या गोणपाटासारखी;
आत दमटपणा मोजून पन्नास टक्के.
माझं काम पेटी, स्क्रू, भिंतीवरची पातळी.
कागदाला हात लावतात फक्त लुलवा मॅडम.

आज निघालं ते वालाच्या वेलाचं चित्र.
शेंगेवर नाकतोडा, चारशे वर्षांपूर्वी
कुणी तांब्यावर कोरून छापलेला.
पोट सगळं बारीक रेघांचं.
सावली म्हणजे रेघांची गर्दी, बाकी काही नाही.

मॅडम भिंगातून बघत नोंदी सांगत होत्या:
कोपऱ्यात डाग. कड कसरीनं खाल्लेली.
मागच्या तंगडीपाशी एक जादा तंतू,
वेलाचा नाही, किड्याचाही नाही. कारण अज्ञात.

आण्णा चिपळूणच्या बाजारात भांड्यांवर नावं घालायचे.
अक्षराला दहा पैसे, वेलांटी फुकट.
वळण आलं की हात नव्हे, ताट फिरवायचे.
एकदा अंबूताईंच्या परातीवर
शेवटची ई संपता संपता छिन्नी सटकली
ती थेट काठापर्यंत.
आण्णांनी बिडी विझवली,
ओरखड्याला तीन पानं काढली.
अंबूताईंनी विचारलं, नक्षीचे वेगळे किती?

मॅडमनी वर पाहिलं,
मी एकटाच हसत होतो म्हणून.
इंग्रजी सुचेना.
मूठ वळली, अंगठा पुढे रेटला,
असा. सटकला.
ह्याला पानं काढायला जागा नव्हती.

कारण अज्ञात, तसंच राहिलं वहीत.
पण झाकण लावताना त्या म्हणाल्या, थांब,
आणि भिंग पुन्हा त्या तंगडीपाशी नेलं.