पागनीस अँड सन्स, सियागंज

सन्स कुणीच नव्हते.
पाटी रंगवणाऱ्यानं ते आपल्या मनानं लिहिलं,
बाबांनी पैसे चुकते केले.

मर्सिडीज आली की ते हात धुवायचे,
कामाच्या आधी.
"दार लागलं, ऐकलंस?
तिजोरीसुद्धा इतकी हळू बोलत नाही."
मी पाने द्यायची: तेरा, सतरा, एकोणीस.
कढीपत्त्याचा वास असलेल्या बोटांनी
गिऱ्हाईक बोनेट थोपटायचं :
"भिया, जर्मन माल. मरत नई."

पुढे कॉलेजात वाचलं.
लढाईच्या वर्षांत त्याच कारखान्यात
पकडून आणलेली माणसं राबवली होती.
रात्री जेवताना सांगितलं बाबांना.
ते भाकरीचा तुकडा धरून बसले.
"नट घट्टच बसवले असतील त्यांनी," म्हणाले,
"भीतीनं."

मग, काहीतरी बरं बोलावं म्हणून मी सांगितलं :
मर्सिडीज हे एका मुलीचं नाव.
बापानं गाडीला दिलेलं.

सकाळी शिडी लावून
त्यांनी 'सन्स'वर काळा रंग फासला.
जागा तशीच ठेवली.
तिरप्या उन्हात
अक्षरं अजून वाचता येतात.
गाड्या आता माझ्याकडे येतात.
मीही आधी हात धुते,
का, ते नीट सांगता येत नाही.