वाक्यात उपयोग करा

मंगळवार-शुक्रवार, रात्री आठ ते साडेनऊ,
शिवडीत, व्यायामशाळेच्या वरच्या खोलीत
मी इंग्रजी शिकवते. बोलण्यापुरतं.
खाली कुणी वजन टाकलं
की वर फळा हादरतो
आणि माझा भूतकाळ जरा वाकडा उमटतो.

त्या दिवशी फळ्यावर लिहिलं: ब्रेक ईव्हन.
म्हणजे घातले तेवढे निघाले.
नफा नाही, खोट नाही.
वाक्यात उपयोग करा.

यमुना तांडेल पहिल्या बाकावरून म्हणाली,
"ब्रेक म्हंजे मोडनं ना, बाय?
मंग मोडल्यावर सारखं कसं व्हईल?"
मी म्हटलं, व्यापारातला शब्द आहे, तिथे असंच म्हणतात.
तिने माझ्याकडे नीट पाहिलं.
तीस वर्षं टोपली घेऊन बसते ती,
मी आजवर एक बोंबील विकलेला नाही.

इर्शाद सोलकर, मोबाइलच्या काचा बदलतो:
"माय शॉप ब्रेक ईव्हन इन दिवाळी.
इन रमजान लॉस, बिकॉज आफ्टरनून आय स्लीप."
व्याकरण चुकलं. हिशेब बरोबर.

घुगे, परळच्या टॉवरवर वॉचमन,
डबल ड्युटी करून आलेला, डोळे लाल:
"आय गो व्हिलेज. आय कम बॅक. ब्रेक ईव्हन."
"चालंल का मॅडम?"
चालेल, म्हटलं.
नक्की काय चालेल ते मलाही सांगता आलं नसतं.

प्रफुल्ला धुरी मोठ्याने वाचत नाही.
वही पुढे सरकवते, आणि खिडकीकडे बघते.
"माय सिस्टर अँड मी नो टॉक इलेव्हन इयर्स.
संडे शी कॉल. आय कट.
मंडे आय कॉल. शी कट.
नाऊ ब्रेक ईव्हन."

लाल पेन काढलं.
क्रियापदाचं तिसरं रूप हवं इथे:
ब्रेक, ब्रोक, ब्रोकन.
वी हॅव ब्रोकन ईव्हन.
लिहिलं, आणि माझी मलाच शंका आली.
दुरुस्त केलेल्या वाक्यात
दोघी बहिणी आधीपेक्षा जास्त मोडलेल्या दिसत होत्या.
खोडलं. तिचंच राहू दिलं.

तेवढ्यात इर्शाद उठला, माझ्या हातातला खडू घेतला:
"मॅडम, आपण नऊ. गुणिले दोनशे. अठराशे.
खोलीचं भाडं दोन हजार.
यू आर नॉट ब्रेक ईव्हन, मॅडम."
सगळा वर्ग फळ्याकडे बघत राहिला,
मी चष्मा पुसत राहिले.
खाली कुणीतरी दोन डंबेल एकदम सोडले.

शुक्रवारी यमुना सुनेला घेऊन आली, हर्षला नाव.
"हिला कायपन येत नाय, पन दाहा झाले."
टाळ्या वाजल्या. घुगेची सगळ्यांत मोठी.
खडूचे पैसे कुणी धरले नव्हते,
मी बोलले नाही.

पुढच्या मंगळवारी घुगे आला नाही.
कंपनीने पनवेलच्या साइटवर टाकलाय म्हणे, रात्रपाळीला.
त्याची वही खिडकीत राहिली होती,
वर सिक्युरिटी एजन्सीचं कॅलेंडर फाडून घातलेलं कव्हर.
शेवटच्या पानावर एकच ओळ:
"आय विल ब्रेक ईव्हन व्हेन"
पुढे कोरं.

व्हेन लिहून वाक्य सोडायचं नाही,
हे मीच शिकवलं होतं, अधोरेखित करून.
तरी मी लाल पेन उघडलं नाही.

वही कपाटात ठेवली आहे, डस्टरच्या मागे.
फी त्याने महिन्याची आगाऊ भरली होती.
माझ्याकडे त्याचे अजून चार तास निघतात.