खरी नक्कल

कपाटाच्या खालच्या खणात, वजनकाट्यामागे,
तांदळाच्या रिकाम्या गोणीत गुंडाळलेलं
तळवलीच्या शाळेचं पहिलं जनरल रजिस्टर.
वाळवीनं समास खाल्लाय, मजकूर सोडलाय.
तिलाही मोडी येत नसावी.

मला तर येतच नाही.
एम. ए., बी. एड., बावीस वर्षं नोकरी, चार वर्षं मुख्याध्यापक,
आणि या पानापुढे
पुस्तक उलटं धरून बसलेली पहिलीतली पोर.

समोर पदू राघो मढवी. वय अठ्ठ्याऐंशी,
जन्मतारीख अर्थातच एक जून;
त्या काळी अख्खं गाव एकाच दिवशी जन्मायचं
मास्तरांच्या सोयीनं.
नातवाला इंजिनिअरिंगला जायचंय,
जात पडताळणीला पणजोबाचा पुरावा लागतो.
सातबारावरचं नाव सिडकोबरोबर गेलं,
मिठागरावर आता काचेच्या इमारती,
नाव उरलं असलंच तर इथं,
लोकल बोर्डाच्या तपकिरी शाईत.

मी म्हटलं, ठाण्याहून मोडी वाचणारे बोलवावे लागतील,
पानाला पैसे घेतात, महिना जातो.
ते म्हणाले, "द्या हिकरं."
सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसला,
मिठानं कातरलेलं बोट ओळीवर ठेवलं
आणि ओळ चालू लागली.

राघो बिन जोमा. आगरी. धंदा मीठ.
इयत्ता दुसरी. सोडण्याचे कारण:
गैरहजर, सबब नाव कमी केले.
हसले. "गैरहजर कसा? मिठागरावं हजर व्हता ना."

काम झालं होतं. पण बोट थांबेना.
पानं उलटत स्वतःपर्यंत आलं,
स्वतःवरून घसरून खालच्या नावावर गेलं.
चिंधू हाल्या. प्रगती उत्तम. वर्तणूक चांगली.
सोडण्याचे कारण: बापाचे अर्जावरून.

बाहेर पोरं सातचा पाढा ओरडत होती,
अर्धी बिदरची, अर्धी बस्तीची, दोन नेपाळची.
"लबाड हाय यो कागुद," म्हणाले.
"चिंधू भायेर बसं. वट्यावं.
मना मोडी त्यानी शिकवला, खिरकीतशी.
येकदा म्हनला, मास्तर, मी आत बसू?
झाला.
त्याचे बापाला अर्ज कुठं लिवता येत व्हता?
मास्तर सांगत गेले, चिंधू लिवत गेला.
अक्षर कसा व्हता, मोत्यासारका."

मी अर्ज शोधला.
गोणी झटकली, खणात हात घालून पाहिला,
मेलेली पाल सापडली आणि १९८४ चा खडूचा हिशेब.

मग दाखला लिहिला. छापील मजकूर खाली असतोच:
"मूळ नोंद मी स्वतः वाचून खात्री केली आहे."
सही केली. माझी सही चांगली येते,
डी. एड.ला असताना सराव केला होता पानंच्या पानं.

"आनखी येक द्या," म्हणाले. "चिंधूची."
कोणासाठी?
संगणकावर दाखल्याचं प्रयोजन निवडावं लागतं,
नोकरी, प्रवेश, पासपोर्ट, इतर.
"इतर" निवडलं तर विचारतो, तपशील द्या.
मी तिथंच अडकले.
पदू मढवींनी माझ्याच टेबलावरचा कोरा कागद ओढला
आणि ओळ उतरवली, न थांबता,
हात उचलायचाच नाही अशा त्या लिपीत.
कागद माझ्याकडे सरकवला.
काय लिहिलंय ते विचारलं नाही.
शिक्का मारला. पॅड नवं होतं, शाई जास्त झाली.

दुपारी खिचडीच्या वहीवर,
उपस्थिती एकशे बारा, तांदूळ अकरा किलो दोनशे,
सही केली
तर सहीशेजारी जांभळा अंगठा उमटला,
रेघ न् रेघ स्पष्ट.
खोडायला गेले. आणखी पसरला.